टोळीला एक वरचा पाहिजे

मंगळावर माणसं पाठवायची असतील तर ती जोडीनंच पाठवली पाहिजेत, असं माझ्या घरमालकांचं ठाम मत होतं. सुट्या माणसाचा तिथं काही उपयोग नाही. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, तेव्हा कुठं काम उठतं. पहिल्या खेपेला बहुधा चौघं जातील, असं एकदा पेपरात आलं होतं. मी ते वाचून दाखवल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "म्हंजे दोन कोयते."

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, हे कळायला मला तिथं काही महिने काढावे लागले होते. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी हा अर्धा कोयता. माझे घरमालक अशा एका टोळीचे मुकादम होते. गाव शिरूर कासारपासून थोडं आत, कोरड्या माळाच्या कुशीत. दिवाळीच्या आगेमागे ट्रक लागत आणि गाव रिकामं होई. मागं म्हातारी माणसं, दारांना कुलपं आणि आम्ही शिक्षक एवढेच उरत असू.

मी शाळेत मराठी शिकवायला गेले होते. भूगोलाची जागा रिकामी होती म्हणून भूगोलही माझ्याच गळ्यात पडला. भूगोलाची बाई म्हणजे आभाळाचीही जबाबदार, असा मुकादमांनी सोयीस्कर अर्थ लावला. संध्याकाळी मी चहा टाकायला आणि दारात त्यांचं खाकरणं ऐकू यायला एकच गाठ पडे. "बाई, तिकडं काय चाललंय?" सुरुवातीला मला वाटायचं, ते माझ्या माहेरची चौकशी करताहेत. मी आपली आईची तब्येत, भावाची नोकरी असं सांगत बसायची. ते सगळं शांतपणे ऐकून घेत आणि मग हळूच विचारत, "बरं, आन् मंगळावर?"

अंगानं शिडशिडीत, पांढरा पायजमा, टोपी कायम एका बाजूला कललेली. चपला काढताना त्या दाराकडं तोंड करून ठेवायच्या, हा त्यांचा नेम होता. दुसऱ्यांच्या घरी गेले तर तिथल्या सगळ्यांच्याही वळवून ठेवायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "निघायला बरं पडतं." बसतानाही ते रस्त्याकडं पाठ करून कधी बसले नाहीत. जावयासारखा मान मिळाला तरी भिंतीकडची जागा नको म्हणत.

आमच्या घरावर मातीचं धाबं होतं, तिकडं त्याला माळवद म्हणतात. ऊन उतरलं की मी पेपराची पुरवणी घेऊन वर जायची आणि मुकादम खालून पाण्याचा तांब्या घेऊन यायचे. समोर माळ पसरलेला असे. ना झाड, ना झुडूप. मावळतीला तो सगळा माळ तांबूस होई, मधल्या वाळल्या ओढ्याच्या रेषा गडद होत आणि मी वाचत असलेलं मंगळाचं वर्णन आणि समोरचं दृश्य यांत मला फरक करता येत नसे. वाचता वाचता मीच थांबायची. दूर एखादी शेळी ओरडली की आपण कुठं आहोत ते ध्यानात यायचं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर संध्याकाळी मी त्या पाणी नसलेल्या गावात घालवल्या, हे मी आजही कुणाला पटवून देऊ शकत नाही.

माहिती माझी आणि धोरण त्यांचं, अशी आमची वाटणी होती. आधी चंद्रावर तळ करावा की सरळ मंगळ गाठावा, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, असं मी वाचलं. मुकादमांना त्यात वाद कसला तेच कळेना. "चंद्र म्हंजे आपल्या बाजूचा सहकारी कारखाना. काय झालं तर मानूस सांजच्याला घरी येतंय. नवं पोरगं, नवी जोडी आदी तितंच न्यायची. हात बसला, ऊस कळला, मग लांबचं बघायचं. मंगळ म्हंजे कर्नाटक. एकदा गेलं की पट्टा पडंस्तवर सुटका न्हाई." हंगाम संपून कारखाना बंद होतो त्याला तिकडं पट्टा पडणं म्हणतात. मी त्यांना सांगितलं की मंगळाचंही तसंच आहे. पृथ्वी आणि मंगळ ठरावीक जागी आले म्हणजेच निघता येतं, अशी वेळ दोन वर्षांहून जास्त काळानं एकदा येते आणि तिथून परतायलाही पुन्हा योग्य वेळेची वाट बघावी लागते. "बघा!" ते म्हणाले. "तेलाबी हंगाम हाय."

आपलं यान मंगळाकडं निघालं तेव्हा आधी ते पृथ्वीभोवतीच फेऱ्या मारत राहिलं, दर फेरीला लांब लांब जात गेलं आणि मग सुटलं. गावातल्या पारावर यावर बरीच टिंगल झाली, गाडी अंगणातच फिरतीय म्हणून. मुकादमांनी कुणाशी वाद घातला नाही. गोफण घेतली, दगड लावला, डोक्यावर गरागरा फिरवली आणि दगड पार ओढ्यापलीकडं भिरकावून दिला. टिंगल करणारे दगड कुठं पडला ते बघत राहिले आणि विषय संपला.

तिथलीच माती वापरून घरं बांधायची, तिथल्याच हवेतून प्राणवायू काढायचा, चंद्राच्या दक्षिण टोकाला कायम अंधारात असलेल्या खड्ड्यांत बर्फ आहे ते पाणी म्हणून वापरायचं, अशा कल्पना मी मोठ्या कौतुकानं वाचायची. त्यांना त्यात नवल वाटत नसे. उसाच्या फडावर घरून कोण घर घेऊन जातं? बांबू रोवायचे, उसाचं वाळलं पाचट घालायचं, कोपी तयार. "पर पानी मातर आदी बघाया पायजे. आदी यान जाऊ द्या, मग मान्सं." हे ते नुसतं बोलत नसत. टोळी निघायच्या आधी एसटीनं स्वतः जाऊन फडाची जागा बघून येणारा मुकादम त्या भागात हा एकच असावा. ते असे गेले की लोक म्हणत, "मुकादम मंगळाला गेलते." परत येताना बाटलीत तिथलं पाणी आणायचे आणि मला चाखायला लावायचे. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला पाण्याची चव कळतेच, असा त्यांचा समज होता. मी तोंड वाकडं करून घोट घ्यायची. माझा चेहरा बघून त्यांनी दोनदा जागा बदलून घेतली होती, असं पुढं कळलं आणि मला उगाच आपण फार मोठ्या असल्यासारखं वाटलं.

ते एकदाच माझ्यावर चिडले. मंगळावर कायमचं जायला, म्हणजे परत न येण्याच्या बोलीवर, जगभरातून लोकांनी नावं दिली आहेत, अशी बातमी होती. मी ती रंगवून वाचली. मुकादम ताडकन उठले. "कोन मुकादम हाय ह्यांचा?"

"अहो, ते आपल्या मर्जीनं चाललेत."

"मर्जीनं समदेच जात्यात. परतीचं काय? परतीचं ज्येनं बघितलं न्हाई त्येनं मान्सं न्यायची कशापायी?" आणि तांब्या तिथंच टाकून खाली गेले. मला राग आला. मी काही ती योजना काढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेनं मला कारण सांगितलं. ही पोरगी काटक, बोलायला फटकळ, सासऱ्याला मामा म्हणायची आणि घरात त्यांना कुणी दटावलंच तर तीच दटावायची. ती म्हणाली, "आमच्या सासूबाई फडावर असतानाच वारल्या, बाई. मामा तवा जवान होते." मुकादमांची बायको तापानं फणफणली होती. वाहन म्हणून जे होतं ते उसाची खेप घेऊन गेलं होतं. ते परत आलं तेव्हा तिला त्यात घालून पाठवली, मुकादम लहानग्या मुलाला घेऊन फडावर राहिले. ड्रायव्हरनं दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, बरी हाय. मग दिवसभर ते ऊस तोडत राहिले. संध्याकाळी खरं काय ते समजलं. अंत्यसंस्कार तिकडंच, एका कालव्याच्या काठाला झाले.

मी त्या संध्याकाळी माळवदावर बातमी नेली नाही, गोष्ट नेली. चंद्रावर पहिल्यांदा माणसं गेली तेव्हा तिघं गेली होती. दोघं उतरले. तिसरा उतरला नाही. तो परतीचं यान धरून चंद्राभोवती एकटा फिरत राहिला. चंद्राच्या मागं गेला की त्याचं पृथ्वीशी बोलणं तुटायचं, खालच्या दोघांशीही तुटायचं. एवढ्या लांब जाऊन त्यानं चंद्राच्या मातीला पाय लावला नाही.

चंद्र तेव्हा नुकताच डोंगरामागून वर येत होता, मोठा, पिवळा. मुकादम त्याच्याकडं बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "त्येला वाटलं नसंल का हो बाई, उतरावं म्हून?"

"वाटलं असणार."

"पर त्यो उतरला असता तर तिघंबी तितंच ऱ्हायले असते." आणि थोड्या वेळानं, "टोळीला असा एक वरचा पायजे."

तेव्हापासून हा शब्द त्यांच्या तोंडी बसला. लग्नाची बैठक असो, विहिरीत उतरायचं असो, ते आधी विचारत, "वरचा कोन?"

मग तो दुष्काळ आला. दुष्काळ तिथं नवा नव्हता, पण त्या वर्षी आमच्या बाजूच्या सहकारी कारखान्याला गाळायला ऊसच उरला नाही. बॉयलर पेटणार नाही, हे गणपतीच्या आधीच कळलं. मुकादम म्हणाले, "चंद्र बुडाला, बाई. आता समद्यांना मंगळच." जनावरं चाऱ्याच्या छावणीला गेली, दूध आटलं, गावाच्या दूध संस्थेची जीप छपरात उभी राहिली. आणि त्याच सुमाराला सुनेला दिवस गेलेले होते. हंगामाच्या ऐन मध्यात तिचे दिवस भरणार होते.

मी तिला म्हणाले, "तू राहा इथं. मी आहे ना."

ती हसली. "तुमाला पोळी भाजता येत न्हाई नीट, बाळंतपन काय करता? आन् मी ऱ्हायले तर ह्यांचा कोयता अर्धा." तिच्या माहेरचेही सगळे फडावरच निघाले होते. गावातली दाई मुलाबरोबर साखर कारखान्याच्या वाटेला लागणार होती. रिकाम्या गावात राहणंही धोक्याचं आणि जाणंही धोक्याचं. मुकादम कर्नाटकातली जागा बघून आले. पाणी चांगलं होतं. दवाखाना लांब होता. उसाची वाहनं दिवसचे दिवस कारखान्याच्या रांगेत अडकून पडत. त्या दिवसांत त्यांनी मला मंगळाचं काहीच विचारलं नाही. मला ते फार लागलं.

दूध संस्थेची वार्षिक सभा शाळेच्या पटांगणात भरायची, म्हणून आम्ही शिक्षकही कडेला बसत असू. चेअरमन मोठे बागायतदार, तालुक्याच्या राजकारणात ऊठबस असलेले. सगळे विषय संपले, आयत्या वेळचे विषय निघाले आणि मुकादम उभे राहिले. "टोळीला एक वरचा पायजे."

पुढच्या ओळीतल्या दोघातिघांनी भक्तिभावानं आभाळाकडं हात जोडले. चेअरमन म्हणाले, "मुकादम, वरचा समद्यांनाच हाय. त्याला ठराव कशाला?"

"त्यो न्हवं. चंद्राचा."

मागून त्यांचा एक जोडीदार ओरडला, "डोस्कं फिरलं का बे तुजं?" सभा हसून लोळायला लागली. मुकादम हसणं थांबेपर्यंत उभे राहिले आणि मग त्यांनी चंद्राची ती हकिगत सांगितली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. शेवटी म्हणाले, "संस्थेची जीप हंगामभर फडावर द्या. मी चालवीन. ती ऊस न्हेनार न्हाई, बाजार करनार न्हाई. नुसती उभी ऱ्हाईल. कुनाला घरी आनायचं पडलं, दवाखान्यात न्यायचं पडलं, तरच हलंल."

"संस्थेची जीप तिथं नुसती उभी ठेवायची?"

"हितं तरी काय करतीय, साहेब? हितं उभी हाय, तितं उभी ऱ्हाईल."

चेअरमन सचिवांकडं बघायला लागले. तेवढ्यात बायकांतून एक म्हातारी सभासद पदर सावरत उठली. "माजी भाची उसाच्या ट्रॅक्टरवर बसून दवाखान्यात गेलती. मोळ्यांवर. द्या की ती जीप." एकेक हात वर व्हायला लागला. चेअरमननी हात बघितले, निवडणुकीतला माणूस ना, आणि सचिवांना म्हणाले, "घ्या लिहून. सभासदांच्या आरोग्याच्या सोयीसाठी. चंद्राचं नाव घालू नका तेवढं." मला एवढा आनंद झाला की मी शिक्षकांच्या रांगेतून टाळ्या वाजवल्या आणि मुख्याध्यापकांनी माझ्याकडं डोळे वटारले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सुनेनं परत आल्यावर सांगितलं, ते सांगते. मुकादमांनी स्वतः त्यातलं अवाक्षर कधी काढलं नाही.

फडावर जीप कोप्यांच्या कडेला, रस्त्याकडं तोंड करून उभी केली. रोज सकाळी मुकादम तिचं इंजिन चालू करून बघत आणि बंद करत. कामावर देखरेख तिथूनच, जेवण तिच्यातच. लोक आधी हसले, मग चिडले. पीठ संपलं, बाजार लांब, जीप समोर उभी आणि हा माणूस ती देईना. एकाच्या पाहुण्यांत लग्न निघालं, तरी नाही. मुलगाही बोलला, "आबा, जीप काय पुजायला आनली का?" मुकादम म्हणाले, "ती कामावरच हाय." त्यांच्याशी कुणी नीट बोलेनासं झालं.

सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी, मोळी बांधताना, आणि दिवस भरायच्या आधीच. जवळपास दुसरं एकही वाहन नव्हतं. जीप निघाली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ऑपरेशन करावं लागेल, आणलं ते वेळेवर आणलं, पण बाईचं रक्त फार कमी आहे, आत्ता काही सांगता येत नाही. मुलगा आणि एक नात्यातली बाई तिच्याजवळ थांबले. मुकादमांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मागं वळून जीपमध्ये बसले.

मुलगा धावत बाहेर आला. "आबा, कुटं निगाला?"

"फडावर."

"ती हितं मरायला टेकली आन् तुमी..."

"तितं बाकीची मान्सं हायत," मुकादम म्हणाले. "त्येंच्याकडं गाडी न्हाई." आणि गेले. मुलानं पुढं कितीतरी दिवस त्यांचं तोंड बघितलं नाही. हे ऐकता ऐकता माझ्या हातातला चहा गार झाला. मला त्यांचं वागणं तेव्हा कळलं की नाही, सांगता येत नाही. पण त्यांना जीप वळवताना काय झालं असेल, ते कळलं.

फडावर मोबाइलला रेंज नव्हती. दोन दिवसांनी उसाचा एक ट्रॅक्टरवाला आला आणि ओरडून म्हणाला, "मुकादम, सून बरी हाय. पोरगी झाली." कोप्यांतल्या बायकांनी गूळ वाटला. मुकादमांनी गूळ घेतला नाही. ड्रायव्हरच्या तोंडचं 'बरी हाय' त्यांनी आधीही एकदा ऐकलं होतं. ते जीपमध्ये बसून राहिले. बायकांना वाटलं, मुलगी झाली म्हणून तोंड पाडलं. त्यांनी त्यांना चार शब्द सुनावलेही. मुकादमांनी ते ऐकून घेतले. सकाळी इंजिन चालू करून बघायचे आणि बंद करायचे. जेवण तसंच परत जाऊ लागलं.

सुनेला दवाखान्यातून सोडलं तेव्हा ती, नवरा आणि ती नात्यातली बाई एसटीनं आले. फाट्यावर उतरून फडापर्यंत पायवाट होती, ती हळूहळू, थांबत थांबत चालत आली. दिवस कलला होता. तोडलेल्या रानावर तांबूस उजेड पसरला होता. जीपपाशी येऊन ती उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "उतरा की आता."

मुकादमांनी तिच्याकडं बघितलं. आधी तिच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं. "चालत आलीस?"

"व्हय."

ते उतरले. पाय आखडले होते, दार धरून उभे राहिले आणि तसेच बांधावर बसले. इतके रडले, इतके रडले, सुनेनं मला सांगितलं, की फडातली माणसं कोयते खाली ठेवून बघत राहिली. तिला काय करावं कळेना. तिनं बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि त्यांच्यापुढं धरलं. "मामा, नात हाय तुमची. हिला बघा तरी."

"हिला बघतो गं," मुकादम म्हणाले. "आदी तुला बघू दे."